सूनबाईला सगळं सांगणारे काका

काकांनी आयुष्यभर लिहिलं आणि त्यातलं एक अक्षर कुणी वाचलं नाही. हे त्यांचंच म्हणणं. मोटारपंप, फवारणीचे पंप, कडबाकुट्टी यांच्या खोक्यात जो घडी घातलेला कागद निघतो, त्यावरचा मराठी मजकूर ते लिहून द्यायचे. "शेतकरी खोकं उघडतो, पंप भाईर काढतो, अन् पहिल्यांदा तो कागद खाली अंथरून त्याच्यावर पाना ठिवतो. माझं समदं लिखाण ग्रीस पुसायच्या कामाला आलं, माय," असं सांगून ते मोठ्यानं हसायचे. हसून झालं की तेच परत एकदा सांगायचे, त्यावरून हे ते नुसतं गमतीत घेत नाहीत हे कळायचं.

आमच्या परभणीच्या ऑफिसात ते आले तेव्हा पन्नाशी कधीच उलटून गेली होती. फुल बाह्यांचा शर्ट, गळ्याचं बटण मे महिन्यातसुद्धा लावलेलं, आणि खिशात एक भला मोठा पांढरा हातरुमाल. आम्ही दवाखान्यांसाठी सॉफ्टवेअर करतो. त्या वर्षी मालकांनी एजंट करायला घेतला होता. एजंट म्हणजे पेशंटचा मेसेज वाचून आपणहून कामं उरकणारा प्रोग्रॅम. त्याच्या हाताशी आम्ही टूल्स द्यायची. एक टूल वेळ दाखवतं, एक वेळ बदलतं, एक निरोप पाठवतं. कोणतं टूल कधी आणि कसं वापरायचं, हे त्या बिचाऱ्याला फक्त टूलसोबत लिहिलेल्या वर्णनावरून कळतं. ही वर्णनं तेव्हा मी लिहायची. टूल बनवायचं आणि खाली एक ओळ ठोकून द्यायची: 'पेशंटची वेळ बदलते.' झालं काम. मला संध्याकाळची गाडी गाठून सेलूला घरी जायचं असायचं.

वर्णनं चांगली असली तर एजंट कमी चुकतो, असं मालकांना कुणीतरी सांगितलं आणि त्यांनी ओळखीतले 'लिहिणारे' म्हणून काकांना आणून माझ्या शेजारच्या टेबलाशी बसवलं. पहिल्याच दिवशी मी त्यांना समजावलं की काका, तुम्ही जे लिहाल ते हे यंत्र प्रत्येक कामाच्या आधी वाचतं. काकांनी चष्मा काढला.

"समदं?"

"सगळं."

"मधलं सोडत न्हाई?"

"नाही."

"अन् उद्या?"

"उद्या परत पहिल्यापासून. त्याला कालचं काही आठवत नसतं, काका."

ते उठून बाहेर गेले. चहाला गेले असतील असं मला वाटलं. परत आले ते पेढ्यांचा पुडा घेऊन. ऑफिसात सगळ्यांना पेढे वाटले आणि कारण विचारलं तर म्हणाले, "वाचणारा भेटला."

एजंटला ते सूनबाई म्हणायचे. "नवी सून घरात येती. मिठाचा डबा कोणता, सासऱ्याला चहा कवा लागतो, हे तिला कुणी सांगत न्हाई. अन् ती चुकली की समदं घर बोलायला टपलेलं. आपण तसं करायचं न्हाई. तिला डबे दाखवायचे." मी विचारलं, सूनच का, जावई का नाही? तर म्हणाले, "जावयाला कुणी कामाला लावतं का?" हे मला तेव्हाही पटलं नव्हतं आणि आजही पटत नाही. पण हळूहळू सगळं ऑफिस सूनबाई म्हणायला लागलं, आणि मालक तर गिऱ्हाइकांसमोरही तसं म्हणून जायचे.

त्यांची लिहायची पद्धत बघून माझं डोकं फिरायचं. वर्णन लिहून झालं की ते तो हातरुमाल काढायचे, पदरासारखा डोक्यावरून घ्यायचे आणि खुर्चीत ताठ बसायचे. रुमाल डोक्यावर आला की काका म्हणजे सूनबाई. मग त्यांना जगातलं काहीही माहीत नसायचं. कागदावर आहे तेवढंच कळायचं आणि तेवढंच करायचे. मी समोर बसून पेशंटसारखा मेसेज सांगायचा. "मला उद्या यायला जमत न्हाई." रुमालाखालून आवाज यायचा, "उद्या म्हणजे कोणता वार? मला आजचा वार कुणी सांगितला?" मी चिडायची. एवढं तर कुणालाही कळतं, काका! ते शांतपणे रुमाल काढायचे, घडी घालायचे आणि वर्णनात एक ओळ वाढवायचे. मालकांना भेटायला आलेल्या एका डॉक्टरांनी हा प्रकार दारातून पाहिला आणि तसेच बाहेर जाऊन मालकांना फोन लावला.

'आवश्यकतेनुसार' हा शब्द त्यांनी ऑफिसातून हद्दपार केला होता. "आवश्यकता हाय हे ठरवायचं कुणी? तिनं? तिला कुठून कळंल?" 'योग्य ती कार्यवाही' असं मी एकदा लिहिलं तर दिवसभर माझ्याशी बोलले नाहीत.

आमच्या ऑफिसच्या पाण्याच्या मोटारीची गोष्ट सांगितल्याशिवाय काका कळायचे नाहीत. बटणाशेजारी पाटी होती: 'टाकी भरल्यावर मोटार बंद करावी.' तरी रोज पाणी वाहून जायचं, कारण टाकी गच्चीवर आणि बटण खाली. काकांनी दोन दिवस नुसतं कोण काय करतं ते पाहिलं. मग ती पाटी काढून दुसरी लावली. 'शेजारच्या बाई ओरडल्या म्हणजे टाकी भरली. लगेच बंद करावी. बाई गावाला गेल्या असतील तर मोटार लावण्याआधी एका माणसाला गच्चीवर बसवावं.' आम्ही पोट धरून हसलो. त्या बाई पाटी वाचून भांडायला आल्या आणि काकांनी त्यांना सन्मानानं खुर्ची दिली. पाणी वाहायचं मात्र त्या दिवसापासून थांबलं.

चूक पाहिल्याशिवाय लिहायचं नाही, हा त्यांचा नेम. टूल काय करतं हे मला विचारायचे, पण लगेच पुढचा प्रश्न यायचा, "अन् कुणी कसं चुकलं?" कुणी चुकलेलं नसेल तर ते लेखणी उचलायचे नाहीत. वर्णनात पहिल्यांदा 'हे कधी वापरू नये' आणि मग बाकीचं. आणि याच नेमापायी त्यांचं मालकांशी वाजलं.

परभणीतल्या एका डायलिसिस सेंटरला एजंट द्यायचा होता. किडन्या निकामी झालेली माणसं तिथे आठवड्यातून दोनदा येतात, यंत्रावर रक्त साफ करून घेतात आणि परत गावी जातात. फेरी चुकली तर अंगात पाणी साठतं, दम लागतो, जिवावर बेततं. तिथल्या सिस्टर दिवसभर फोनवर वेळा बदलून देऊन थकलेल्या. तेच काम एजंटनं करायचं होतं. 'वेळ बदला' सोडून बाकी सगळ्या टूल्सची वर्णनं काकांनी लिहून दिली.

"हे अजून देऊ नका," ते मालकांना म्हणाले. "हितं कुणी कसं चुकतं ते मी पाहिलं न्हाई. मला चार दिवस सेंटरवर बसू द्या."

"काका, आता काय पेशंट मरायची वाट बघायची का?" मालक म्हणाले. "साधं तर टूल आहे." आणि माझी जुनी एक ओळ चिकटवून एजंट चालू केला.

चारठाण्याच्या बाजूनं तिघं जण एका जीपनं यायचे. गयाबाई म्हणून एक म्हातारी, जिंतूरजवळचे एक मास्तर आणि एक टेलर. तिघांची वेळ सकाळची, तिघं मिळून जीप सांगायचे. हे सेंटरमध्ये सगळ्यांना माहीत होतं, म्हणूनच कुठे लिहिलेलं नव्हतं. मास्तरांच्या घरी सकाळी पाहुणे यायचे होते, म्हणून त्यांनी मेसेज टाकला की मला गुरुवारी दुपारची वेळ द्या. एजंटनं पाहिलं, दुपारी जागा होती, चुटकीसरशी बदलून दिली आणि वर 'काळजी घ्या' असंही म्हणाला. मालकांनी तो मेसेज मोबाइलवर सगळ्यांना दाखवला.

गुरुवारी सकाळी जीपवाला आलाच नाही. मास्तर दुपारी निघणार हे त्याला कळलं होतं. दोघांवर गाडी परवडत नाही, मास्तरांबरोबर दुपारी जाऊ, असं त्यानं परस्पर ठरवून टाकलं. गयाबाई आणि टेलर फाट्यावर उभे. वाट बघून बघून शेवटी एसटीत चढले, जिंतूरला उतरून दुसरी धरली. सेंटरवर पोचेपर्यंत सकाळची पाळी होऊन गेलेली आणि दुपार भरलेली. सिस्टरांचा फोन आला तशी मी आणि काका रिक्षानं गेलो. गयाबाई बाकावर भिंतीला टेकून बसल्या होत्या. पाय सुजून चपलेत मावत नव्हते, एक वाक्य बोलायला तीनदा थांबत होत्या. मी घाबरले होते.

"तुमच्या कंप्युटरला जीप कळत न्हाई का?" सिस्टर आमच्यावर कडाडल्या.

"न्हाई कळत, सिस्टर," काका म्हणाले. "आमाला बी आज कळली."

दुपारच्या पाळीतल्या एका परभणीच्याच पेशंटनं 'माझं संध्याकाळी करा, मी घरी जाऊन येतो' म्हणून जागा सोडली आणि गयाबाईंना यंत्र मिळालं. टेलरचीही संध्याकाळी सोय झाली. गयाबाईंचा श्वास नीट लागेपर्यंत काका काचेच्या दारापाशी उभेच राहिले. मी खुर्ची दिली तर बसले नाहीत. मालकांना त्या दिवशी ते एक शब्दही उलट बोलले नाहीत. मला बोलावंसं वाटत होतं, आणि मी बोललेही.

नंतरचे काही आठवडे काका ऑफिसला कमी आणि जीपमध्ये जास्त. पहाटे एसटीनं तिकडे जायचे आणि तिघांबरोबर जीपनं परत यायचे. एकदा मीही गेले. गयाबाई मधल्या सीटवर, काका त्यांच्या शेजारी पाय आखडून. गयाबाई बोलायला तिखट. डॉक्टरांनी पाणी मोजून प्यायला सांगितलेलं, त्याचा राग त्या जीपवाल्यावर काढायच्या.

"तुमी काय काम करता म्हनं?" त्यांनी काकांना विचारलं.

"मशीनला सांगायचं काम हाय."

"काय सांगता?"

"की तुमी तिघं सोबत येता. एकाला हलवलं की तिघं हलतात."

गयाबाईंनी काकांकडे नीट बघून घेतलं. "हे सांगावं लागतं व्हय?"

"हेच सांगावं लागतं, आजी. बाकीचं तिला येतं."

मग काकांनी मला एक नवं टूल करायला लावलं, 'सोबत दाखवा'. कोणता पेशंट कुणाबरोबर येतो ते सांगणारं. मी कुरकुर केली आणि केलं. मग त्यांनी 'वेळ बदला'चं वर्णन लिहिलं, ते मला अजून तोंडपाठ आहे. 'हे टूल एका माणसाची वेळ बदलतं. पण इथे माणूस एकटा येत नाही. आधी सोबत दाखवा हे टूल वापर. सोबतीला जे असतील त्या प्रत्येकाला विचार. सगळ्यांचं हो आल्याशिवाय हे टूल वापरू नकोस. गप्प बसणं म्हणजे हो नव्हे. कुणी नाही म्हटलं तर वेळ आहे तशीच ठेव आणि सिस्टरांना सांग. मागणारा घाईत असला तरी.'

"एवढं लांबलचक?" मालक म्हणाले. "यंत्राचं डोकं भरून जाईल."

काकांना याचा राग आला नाही, उलट आवडलं. त्यांनी मालकांना शेजारी बसवलं आणि एकेक ओळ काढून एजंटला तोच मेसेज देऊन पाहिला. ओळ काढली आणि तो चुकला, की ओळ परत जागेवर. ओळ काढून काही फरक पडला नाही, की ती कायमची उडवली. असं करता करता मूळचं निम्मं लिखाण त्यांनी स्वतःच्या हातानं उडवलं, त्यात त्यांना फार आवडलेलं एक वाक्यही गेलं. मी इतक्या लोकांबरोबर काम केलं, पण स्वतःचं लिखाण असं हसतमुखानं कापणारा दुसरा माणूस पाहिला नाही. उरलं ते मालकांनी मुकाट्यानं मान्य केलं.

मग सगळं सुरळीत चाललं. एजंट तिघांना विचारायचा, तिघं हो म्हणायचे, जीप हलायची. मास्तरांची पंढरपूरची वारी असो की टेलरची लगीनसराई, कुणाचं अडलं नाही. गयाबाईंच्या घरी त्यांची सून मेसेज वाचून दाखवायची आणि त्या सांगतील ते उत्तर टाकायची. बऱ्याचदा 'चालतंय', आणि कधीकधी मुद्दाम 'न्हाई'. का नाही, हे त्या सांगायच्या नाहीत. मास्तर एकदा म्हणाले, म्हातारीला नाही म्हणायची चटक लागली. काकांना हे कळलं तेव्हा ते दिवसभर खुशीत होते.

थंडीत एका पहाटे गयाबाई झोपेतच गेल्या. हृदय थकलं होतं, डॉक्टरांनी घरच्यांना आधीच कल्पना दिली होती. घरच्यांनी जीपवाल्याला कळवलं. त्या बाजूला जीपवाल्याला सांगितलं म्हणजे सगळ्यांना सांगितलं, असंच धरतात. मास्तरांना आणि टेलरला कळलं. सेंटरला कुणी कळवलं नाही, आणि त्यामुळे सूनबाईलाही.

दोन दिवसांनी टेलरनं दुपारची वेळ मागितली. एजंटनं काकांनी लिहिल्याप्रमाणे सोबत बघितली. मास्तरांना विचारलं, त्यांचं हो आलं. गयाबाईंना विचारलं. उत्तर नाही. संध्याकाळी परत विचारलं. उत्तर नाही. गप्प बसणं म्हणजे हो नव्हे, म्हणून टेलरला कळवलं: 'गयाबाईंचं उत्तर आलेलं नाही. त्यांना विचारल्याशिवाय तुमची वेळ बदलता येणार नाही.' टेलरला यावर काय लिहावं ते सुचेना. त्यानं सिस्टरांना फोन केला आणि सिस्टरांनी आम्हाला.

काकांनी ते मेसेज माझ्या स्क्रीनवर वाचले. परत वाचले. मग म्हणाले, "माय, हे मी लिहिलंय," आणि पायात जोडे घालायला लागले.

त्याच जीपनं आम्ही गेलो. चारठाण्यात जुन्या देवळांवरून पुढे गेलं की त्यांचं घर. ओसरीवर गयाबाईंचे यजमान घोंगडीवर बसले होते. घरात चूल पेटलेली नव्हती, चहा शेजारून आला.

"बाबा, माफी मागायला आलोय," काका म्हणाले. "तुमच्याकडं मेसेज आला तो आमच्या मशीनचा. चूक तिची न्हाई, माझी हाय. कुणी गेलं तर काय करायचं, ते मी लिहिलंच न्हाई."

म्हातारबाबांनी त्यांच्याकडे बघितलं. "सुनंनं वाचून दावला. पर मला नीट उमगलं न्हाई. काय इचारलं हुतं तिला?"

काकांनी चष्मा लावला आणि वाचलं. 'गयाबाई, टेलरना गुरुवारी दुपारी यायचं आहे. तुम्हाला चालेल का? तुम्ही नाही म्हणालात तर वेळ बदलणार नाही.'

बाबांनी घोंगडीचं टोक सारखं केलं.

"रान इकलं तवा तिला इचारलं न्हाई," ते म्हणाले. "लेकाचं लगीन ठिवलं तवा न्हाई. म्या बी कवा इचारलं न्हाई. तू न्हाई म्हनलीस तर थांबतो, असं तिला जल्मात कुनी म्हनलं न्हवतं. ह्या वरसात तुमचं मशीन इचारायचं. लय खूश असायची, बगा. न्हाई म्हनायची अन् हसत बसायची."

काका खाली मान घालून ऐकत होते.

"अन् टेलर?" बाबांनी विचारलं. "त्येचं काय झालं?"

"अजून थांबलाय."

"त्येला कामून थांबवता? गरीब मानूस हाय." त्यांनी उशाखालून गयाबाईंचा मोबाइल काढला आणि काकांसमोर धरला. "मला यातलं येत न्हाई. तुमी टाका. तिला चालतंय म्हना."

काकांनी दोन्ही हातांनी तो मोबाइल घेतला आणि टाइप केलं, 'चालतंय'. लगेच तो वाजला.

"काय म्हनलं मशीन?"

काकांना वाचता आलं नाही. मी वाचलं. "धन्यवाद, गयाबाई. टेलरची वेळ दुपारची केली आहे." मला रडू आवरलं नाही आणि मी ते आवरायचा प्रयत्नही केला नाही. बाबांनी मान हलवली आणि मोबाइल परत उशाखाली ठेवला.

दुसऱ्या दिवशी गयाबाईंचं नाव सोबतीतून काढायचं होतं. मी हात पुढे केला, तर काकांनी मला करू दिलं नाही. स्वतः काढलं. मग वर्णन उघडून खाली लिहिलं: 'पहिल्या विचारण्याला उत्तर आलं नाही तर दुसऱ्यांदा विचारू नकोस. माणूस गेलं असेल. आम्हाला सांग. आम्ही जाऊन येतो.' ही ओळ काढून सूनबाई चुकते का, ते मात्र त्यांनी कधी तपासून पाहिलं नाही.

मालकांनी विचारलं, "आम्ही म्हणजे कोण?" काका म्हणाले, "मी." आणि ऑफिसात होते तोवर ते खरोखर जायचे. उत्तर आलं नाही असं सूनबाईनं कळवलं, की खिशातला रुमाल सारखा करून एसटी स्टँडची वाट धरायचे. कधी नुसता मोबाइल बंद असायचा, कधी रीचार्ज संपलेला असायचा, आणि कधी घरात माणसं भिंतीला टेकून बसलेली असायची.

आता काका पाथरीला लेकीकडे असतात. ती ओळ मी कधी बदलली नाही. आता मी जाते.